तुम्ही फोटो दाखवून मागता तो गणपती आधी कुणीतरी घडवलेला असतो

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात आमच्या पेणच्या गणपती कारखान्यांवर अर्धं पान आलं होतं, नंतर त्यावर वाचकांची पत्रंही आली, ती सगळी आम्ही कारखान्यात दुपारच्या चहाला मोठ्याने वाचली. कुणी म्हणतं पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) बंद करा, कुणी म्हणतं एवढ्या लोकांच्या पोटावर पाय देऊ नका, कुणी विचारतं शाडूचा एवढा महाग का. सगळ्यांचं आपापल्या जागी खरं आहे. पण त्या अख्ख्या चर्चेत एक गोष्ट कुणीच काढली नाही आणि ती मला गेली तीन वर्षं आतून खातेय, म्हणून रात्री काम आवरल्यावर हे लिहायला बसलेय. पत्र लांबणार आहे, जमलं तर सगळं छापा.

मी पेण तालुक्यातल्या एका गावातली, वय 27, आमच्याकडे चौथी पिढी गणपती करते. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत ही आमच्या बाजूची गावं तुम्हाला माहीत असतील, इथे घरटी कुणी ना कुणी या धंद्यात आहे, कुणाचा स्वतःचा कारखाना, कुणी दुसऱ्याकडे रंगकामाला, कुणी घरी बसून पॉलिश पेपर मारून देतं. मी चालायला लागले तेव्हापासून मातीत आहे. आजोबांच्या शेजारी पाटावर बसून उरलेल्या शाडूचे उंदीर करायचे, दिवसभरात वीस-पंचवीस उंदीर व्हायचे आणि आजोबा त्यातला एकच निवडून गणपतीच्या पायाशी ठेवायचे, बाकीचे परत भिजत टाकायला लावायचे. कुठला का निवडला ते सांगायचे नाहीत. मी दुसऱ्या दिवशी परत वीस करायचे.

आजोबा अख्खी मूर्ती हाताने चढवायचे. आधी पाटावर बैठक, मग मांड्या, पोट, छाती, मग हात, शेवटी सोंड आणि कान, हातात एक बांबूची कोरणी आणि बाजूला ओलं फडकं, बस. आखणी, म्हणजे डोळे काढायचं काम, ते कधी कुणाला द्यायचे नाहीत. "डोळं शेवटाला, आनि पोटभर जेवून आखायचं, उपाशी मानसाचा हात हालतो" असं म्हणायचे. मी बारावीत असताना त्यांना मोतीबिंदू झाला आणि त्या वर्षी पहिल्यांदा त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला, अकरा मूर्तींची आखणी मी केली, बाजूला बसून ते नुसते विचारत होते, "बघतोय का आता?" त्यानंतर मी ठरवलं की हेच करायचं. मुंबईला आर्ट कॉलेजात शिल्पकलेची डिग्री केली आणि सगळ्यांनी वेड्यात काढलं तरी परत गावाला आले.

आता कारखान्याचं सांगते. आमच्याकडे पीओपी बाबांनी आणलं आणि त्यात मी त्यांना दोष देत नाही, हे आधी स्पष्ट लिहिते, कारण तुमच्या पत्रांमध्ये काही लोकांनी पीओपीवाल्यांना अगदी गुन्हेगार करून टाकलंय. शाडू आमच्या मातीचा नाहीच, तो गुजरातेतून, भावनगरकडून येतो, गोणीमागे गाडीभाडं चढतं. भिजवा, मळा, कापूस नाहीतर काथ्या मिसळा, साच्यात दाबा, काढा, सांधे भरा आणि मग सावलीत वाळत ठेवा, उन्हात ठेवली तर तडकते. पावसाळ्यात तर एक-एक मूर्ती दहा-दहा दिवस ओली राहते. एवढं करून वजनाला जड आणि टेम्पो खड्ड्यात आदळला की पहिला सोंडेचा तुकडा पडतो. पीओपी पाण्यात कालवलं, रबरी साच्यात ओतलं की वीसेक मिनिटांत घट्ट. आमच्याकडे दोन माणसं दिवसाला चाळीसेक कच्च्या, म्हणजे बिनरंगाच्या मूर्ती काढतात. बाबांवर तेव्हा दोन आत्यांची लग्नं आणि गाळ्याचं कर्ज होतं, त्यांनी काय करायला हवं होतं?

पण मला जे बोलायचंय ते पीओपी की शाडू हे नाहीच, ते साच्याबद्दल आहे. पेपरात वाचून लोकांचा असा समज झालाय की शाडूचा गणपती म्हणजे कलाकाराने हाताने घडवलेला आणि पीओपीचा म्हणजे फॅक्टरीतला. तसं नसतं हो. आज आमच्या भागात शाडूच्या बहुतेक मूर्ती पण साच्यातूनच येतात, माती तेवढी बदलते, चेहरा तोच. आणि तो चेहरा कुठला, तर गिऱ्हाईकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोतला. "सेम टू सेम असाच पाहिजे." मी परत आल्यापासून हे वाक्य जेवढं ऐकलंय तेवढं दुसरं कुठलंच नाही. लालबागसारखा, दगडूशेठसारखा, चिंतामणीसारखा, मागच्या वर्षी अमक्या मंडळाचा होता तसा, एखाद्या सिरीयलमधल्या देवासारखा, सिनेमातल्या हिरोने धनुष्य धरलंय त्या पोजमधला. गणपतीच्या दंडाला आणि पोटाला जिमवाले मसल पाडून द्या अशी पण ऑर्डर आली होती, ती बाबांनी घेतली आणि मी त्याला हात लावला नाही, चार दिवस घरात अबोला होता.

मला लालबाग आवडत नाही असं नाही. उलट मी कॉलेजात असताना दरवर्षी रांगेत उभी राहून बघायचे. पण तो चेहरा आकाशातून पडला का? कांबळी कुटुंबाने घडवला, ते पिढ्यान्‌पिढ्या तो घडवतात, तेच बोट, तीच नजर, म्हणून तो तसा आहे. दगडूशेठची आत्ताची मूर्ती 1968 साली अमृतमहोत्सवाच्या वेळी नवीन घडवून घेतली, म्हणजे तेव्हाही कुणीतरी एका शिल्पकारासमोर बसून म्हटलं असणार की तुम्ही करा, आम्हाला नवीन मूर्ती हवीय. तेव्हा जर त्या लोकांनी पण दुसऱ्या कुठल्या मंडळाचा फोटो पुढे केला असता तर आज तुम्ही ज्याचा फोटो दाखवता तो गणपती झालाच नसता. हे मी गिऱ्हाईकांना सांगायचा प्रयत्न करते पण सीझनमध्ये एवढं ऐकायला वेळ कुणाला असतो, मागे दहा जण उभे असतात आणि बाबा डोळ्याने खुणावतात की पावती फाड.

दोन वर्षांपूर्वी मी बाबांकडून कारखान्याचा एक कोपरा मागून घेतला. तिथे फक्त माझं काम, साचा नाही, फोटो नाही. खूप दिवस मनात एक गणपती होता, माझे आजोबा ओसरीवर बसायचे तसा बसलेला, एक गुडघा वर, त्यावर हात टेकलेला, अंगावर नुसतं उपरणं, मुकुट नाही, कान जरा पुढे आलेले आणि पापण्या अर्ध्या खाली, जसं कुणी आपलं बोलणं ऐकताना खाली बघतं तसं. एक फुटाच्या आतली मूर्ती. घडवायला दोन दिवस, वाळायला आठ-दहा, वरून सांधणं, घासणं, पांढरा हात, रंग आणि आखणी धरून माझे स्वतःचे मोजून पाच दिवस एका मूर्तीला लागायचे. मे ते ऑगस्ट असं करून मी अकरा मूर्ती केल्या. किंमत साडेचार हजार लावली, त्यात माझी रोजची मजुरी शेजारच्या रंगकाम करणाऱ्या मावशीएवढीच धरली होती, जास्त नाही.

तीन विकल्या.

बाकी आठांसमोर लोक थांबायचे, बरं वाटायचं त्यांना, फोटो काढायचे, आणि मग म्हणायचे "छान आहे पण आपल्याकडे बघत नाहीये". हे मला पहिल्या दिवशी लागलं, राग आला, की यांना काय कळतं. पण रात्री झोप लागेना आणि मी विचार केला की ही माणसं चुकीचं नाही बोलत, वर्षातनं एकदा देव घरी येणार, त्याने आपल्याकडे बघावं ही इच्छा असणारच ना. आजोबा पण हेच विचारायचे, बघतोय का. मग मी उरलेल्या आठपैकी चारांची आखणी पुसून परत केली, पापण्या तशाच पण बुबुळं किंचित वर घेतली, समोर पाटावर बसलेल्या माणसाला दिसतील एवढीच. दोन आणखी गेल्या. हे मुद्दाम लिहितेय कारण मला कुणी हट्टी समजू नये, की हिला फक्त स्वतःचंच खरं करायचंय. गिऱ्हाईकाचं ऐकून मूर्ती सुधारते सुद्धा, पण त्यासाठी त्याने मूर्तीकडे बघून बोलायला पाहिजे, मोबाईलमधल्या दुसऱ्या मूर्तीकडे बघून नाही.

मग आलं 2025. तुम्ही सगळं छापलंच आहे, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची पीओपी बंदीची गाइडलाइन 2020 ची, ती पुढे ढकलत ढकलत, शेवटी 30 जानेवारीला हायकोर्टाने सांगितलं की काटेकोर पाळा. आमच्याकडे तेव्हा गोडाऊन भरलेलं होतं, कारण परदेशी जाणारा माल जहाजाने जातो आणि मुंबई-पुण्याच्या व्यापाऱ्यांसाठी कच्च्या मूर्ती काढायचं काम पण दिवाळीनंतर लगेच सुरू होतं. व्यापाऱ्यांनी फोन उचलणं बंद केलं. ॲडव्हान्स अडकले. गावात मीटिंगा, मोर्चे. मला त्या दिवसांत आतून आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू, वाटलं आता तरी हाताच्या कामाला दिवस येतील, आणि त्याच दिवशी संध्याकाळी शेजारचा काका आमच्या ओट्यावर येऊन लहान मुलासारखा रडला, त्याने सोनं ठेवून माल भरला होता. त्या आनंदाची मला अजून लाज वाटते. पुढे पीओपीच्या प्रश्नावर नेमलेल्या शास्त्रज्ञ अनिल काकोडकर साहेबांच्या समितीचा अहवाल आला आणि 9 जूनला कोर्टाने सांगितलं की मूर्ती करा, विका, फक्त नैसर्गिक पाण्यात विसर्जन नको. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, मी पण.

पण चार महिने गेले होते आणि बाबांचा हप्ता थकला होता. त्याच वेळी आमचा एक जुना व्यापारी आला, माझ्या कोपऱ्यात उरलेल्या मूर्ती बघितल्या आणि म्हणाला "ताई, हा ओसरीवाला पीस मस्त आहे, याचा साचा काढा, पीओपीत 300 नग द्या, आखणी मी माझ्या पोरांकडून करून घेतो, सगळा माल रोखीत." मी नाही म्हटलं. मग रात्री बाबांनी मला काही न बोलता बँकेची नोटीस दाखवली. त्यांनी एक शब्द जरी टाकला असता तर मी भांडले असते पण ते काही बोललेच नाहीत. सकाळी मी स्वतः माझ्या मूर्तीवर रबर चढवून साचा काढला. स्वतःच्या मूर्तीचा साचा काढायला बसलं की कळतं, कानाच्या मागची जागा, गुडघ्याखालची पोकळी, जिथे आपण दोन-दोन तास घालवलेले असतात, ते सगळं भरून सपाट करावं लागतं, नाहीतर नग साच्यातून सुटत नाही. कान पुढे आलेले होते ते चिकटवून मागे घेतले. 300 नग गेले, हप्ता भरला.

आणि यंदा होळीच्या सुमारास डोंबिवलीहून एक जोडपं आलं, चांगली माणसं होती, लहान मुलगी बरोबर. त्यांनी मोबाईल काढून फोटो दाखवला आणि म्हणाले "आम्हाला सेम टू सेम असा पाहिजे, मागच्या वर्षी शेजाऱ्यांकडे होता." तो माझाच गणपती होता. गुडघा वर, हात टेकलेला, कान डोक्याला चिकटलेले, डोक्यावर वरून खड्यांचा मुकुट बसवलेला आणि डोळे टक्क उघडे, कुठल्या तरी घाईतल्या पोराने आखलेले, एक बुबुळ दुसऱ्यापेक्षा वर. त्यांना मी म्हटलं की हा मीच केलाय, चला मूळची मूर्ती दाखवते. कोपऱ्यातली एक शिल्लक ठेवलेली होती ती दाखवली. त्या बाईंनी दोन्ही बराच वेळ बघितल्या आणि प्रामाणिकपणे म्हणाल्या, "हो, पण मला तो मुकुटवालाच द्या ना." मी बाबांना हाक मारली आणि आत जाऊन बसले.

संपादक साहेब, मला त्या बाईंबद्दल अजिबात राग नाही. त्यांनी जे आधी बघितलं ते त्यांना आवडलं. माझं म्हणणं एवढंच आहे की तिथपर्यंत जे पोचलं त्यात मी कुठेच नव्हते. साचा माझा, गणपती माझ्या आजोबांच्या बसण्यातला, आणि फोटोखाली नाव मंडपवाल्याचं, डेकोरेशनवाल्याचं, दुकानाचं, सगळ्यांचं.

मधे फार निराश झाले होते तेव्हा एसटीने सासवन्याला जाऊन आले, अलिबागच्या पुढे मांडव्याच्या रस्त्याला, शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकरांचं घर आहे तिथे, आता त्याचं संग्रहालय केलंय. आमच्याच जिल्ह्यातला हा माणूस, 1891 चा जन्म, खेड्यातलं पोरगं. गावातल्या देवळाच्या भिंतीवर घोड्यावरचे शिवाजी महाराज काढले होते ते त्या वेळचे कुलाबा जिल्ह्याचे, म्हणजे आताच्या रायगडचे, कलेक्टर रॉथफील्ड यांनी बघितले आणि त्यांनी मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठवायची सोय केली. पुढे 1928 मध्ये पुण्याला जो घोड्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला तो यांचा. मोठमोठ्या लोकांचे पुतळे त्यांनी ऑर्डरवर केले, त्यावरच घर चाललं, आणि त्याच घराच्या आवारात त्यांनी सिमेंटची म्हैस बसवलीय, अशी की रवंथ थांबवून आत्ता उठेल. घरातली, गावातली साधी माणसं केलीत. मी त्या म्हशीसमोर अर्धा-पाऊण तास बसले होते. कॉलेजात आम्ही पोरं सारखं म्हणायचो की ऑर्डर घेतली की कलाकार संपला, तिथे बसून मला ते पटेनासं झालं. पुण्याचा पुतळा पण ऑर्डरच होती ना! पण ती देणाऱ्याने करमरकरांना सांगितलं असेल की महाराज करा, असं नाही सांगितलं की त्या गावातल्या पुतळ्याची कॉपी करा. ऑर्डर वाईट नसते. माझ्यासारखीला ऑर्डरच पाहिजेत, ढिगाने पाहिजेत. फक्त त्यात मला थोडी जागा सोडा.

म्हणून तुमच्या वाचकांना विनंती करायची आहे. यंदा अधिक महिना आहे, गणपती 14 सप्टेंबरला आहेत, म्हणजे शाडू वाळायला आम्हाला जरा जास्त दिवस मिळणार. गौरी-गणपतीच्या आठ दिवस आधी येऊन शाडू महाग का म्हणून भांडू नका, वैशाखात या, कारखान्यात या, तेव्हा माती ओली असते. तुमच्या घरात मूर्ती कुठे बसते, किती उंचीवर, समोर कोण बसतं, आजी खाली बसून आरती करते की खुर्चीवर, ते सांगा, त्यावरून मी नजर ठरवेन. बसायची पद्धत, उपरणं, रंग यावर पाहिजे तेवढं बोला, भांडा सुद्धा. पैसे कमी असतील तर मूर्ती लहान घ्या, सहा इंचाची हाताने घडवलेली मी तुमच्या बजेटमध्ये बसवून देईन. आमच्यासारखी पाच-सहा पोरं-पोरी या भागात मला माहीत आहेत, कुणी जे. जे. ला जाऊन आलेला, कुणी दहावीनंतर थेट मातीत, सगळ्यांचे हात चांगले आहेत आणि सगळे सध्या रबरी साच्यात पीओपी ओततात. त्यातला एक मागच्या महिन्यात पनवेलला गोडाऊनमध्ये पॅकिंगला लागला. त्याच्या सोंडेला जे वळण यायचं ते माझ्याने अजून होत नाही.

आणि तुम्हाला एक विनंती. भाद्रपदात तुमच्या पेपरात दहा दिवस मूर्तींचे फोटो येतात, खाली मंडळाचं नाव, अध्यक्षांचं नाव, देखाव्याचं नाव, फोटोग्राफरचं नाव असतं. त्यात एक ओळ वाढवा, मूर्ती कुणी घडवली. मंडळांना विचारा, त्यांना माहीत नसेल तर त्यांना शोधायला लावा. घरगुती गणपतींचे फोटो वाचकांकडून मागवता तेव्हा पण विचारा की मूर्तिकार कोण. पहिल्या वर्षी निम्म्या लोकांना सांगता येणार नाही, पण दुसऱ्या वर्षी ते विकत घेतानाच विचारतील आणि मग व्यापाऱ्याला पण पाठीमागे येऊन आम्हाला विचारावं लागेल. गेल्या वर्षी गणेशोत्सव राज्य महोत्सव म्हणून जाहीर झाला, मोठी गोष्ट आहे, मग त्या महोत्सवात मूर्तिकाराचं नाव एवढी साधी गोष्ट व्हायला हरकत नसावी.

माझं स्वतःचं नाव मात्र या पत्राखाली देत नाहीये आणि तुम्हीही छापू नका. वर ज्या व्यापाऱ्याबद्दल लिहिलंय त्याच्याकडे बाबांचे मागच्या सीझनचे पैसे अजून यायचे आहेत. ते आले की मी परत पत्र लिहीन आणि नावासकट लिहीन. त्या पत्राबरोबर मूर्तीचा फोटो पण पाठवीन, कान पुढे असलेला.

आपली नम्र,
एक मूर्तिकार, पेण तालुका, जि. रायगड